उठून जाऊ शकणारी आजी : ‘कुटुंब विज्ञान रात्री’ची चिकित्सा

मागच्या काही व्याख्यानांत आपण मोठमोठे विषय घेतले. आज एक लहान विषय घ्यायचा आहे, आणि तोही शाळेच्या व्हरांड्यातला. पण लहान विषय म्हणून तो सोपा आहे असं कृपया समजू नका.

विषय असा. उद्या शिक्षक होणारी मुलंमुली, म्हणजे डी.एल.एड.चे किंवा बी.एड.चे छात्राध्यापक, यांनी शाळांमध्ये ‘कुटुंब विज्ञान रात्र’ भरवावी आणि तिथे शिकवण्याचा अनुभव घ्यावा, अशी एक कल्पना आहे. संध्याकाळी शाळा पुन्हा उघडायची. वर्गात सात-आठ टेबलं मांडायची. प्रत्येक टेबलावर एक साधा प्रयोग. मूल एकटं येत नाही; आई, बाप, आजी, धाकटं भावंडं, सगळे येतात. एकेका टेबलाशी थांबतात, हात लावून पाहतात, पुढे सरकतात. आणि टेबलामागे उभा असतो तो छात्राध्यापक.

ही कल्पना अमेरिकेत रुजली. कॅलिफोर्नियात बर्कली इथल्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकात ‘फॅमिली मॅथ’ नावाचा कार्यक्रम चालवला. त्याच नावाचं पुस्तक १९८६ मध्ये आलं. पालक आणि मूल यांनी एकत्र बसून गणित करायचं, हे त्याचं सूत्र. विज्ञानाच्या रात्री त्याच वळणाच्या. पुढे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांच्या लक्षात आलं, की इथे आपल्या विद्यार्थ्यांना फुकटची तालीम मिळते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ही कल्पना आणावी का, आणि आणलीच तर तिचं काय होईल, एवढाच आजचा प्रश्न. आमचं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायची सक्ती नको. कल्पना चांगली आहे. पण ज्या कारणासाठी तिची स्तुती केली जाते, ते कारण खोटं आहे. लोक म्हणतात, अशा रात्रीतून कुटुंबांपर्यंत विज्ञान पोहोचतं. आम्ही म्हणतो, कुटुंबांपर्यंत काही पोहोचो न पोहोचो, त्या रात्री शिकणारा खरा विद्यार्थी टेबलामागे उभा असतो. हे ध्यानात ठेवलं तर रात्र उपयोगी, विसरलं तर तो आणखी एक ‘उपक्रम’.

आता हे नीट उलगडून पाहू.

आपल्याकडे शिक्षक कसा घडतो? तो सराव पाठ घेतो. आधी पाठ टाचण काढतो: उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषय विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ. मग वर्गात उभा राहतो. मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक वही घेऊन बसलेले. मुलांनाही ठाऊक, की आज ‘त्या सरांचा पाठ’ आहे, शहाण्यासारखं बसायचं. तासाची घंटा होते, निरीक्षक शेरा लिहितात, पाठ संपला. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची झाली, हे चांगलंच झालं. पण आठवडे वाढले म्हणून अनुभवाची जात बदलत नाही.

जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १९०४ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावर एक निबंध लिहिला. आजही तो प्रत्येक अध्यापक विद्यालयाने वाचावा असा आहे. त्यातलं एक निरीक्षण आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. मुलाचं लक्ष दोन प्रकारचं असतं: बाहेरचं आणि आतलं. बाहेरचं लक्ष म्हणजे डोळे फळ्याकडे, हाताची घडी, तोंड बंद. आतलं लक्ष म्हणजे मन खरोखर त्या गोष्टीत गुंतलेलं. नवख्या शिक्षकाला फार लवकर वर्ग सांभाळायला लावलं, की तो बाहेरचं लक्ष राखायला शिकतो, कारण निरीक्षकाला तेच दिसतं. आतलं लक्ष ओळखायला तो शिकतच नाही. मग पुढची तीस वर्षं तो शांत वर्गालाच शिकणारा वर्ग समजतो.

इथे विज्ञान रात्रीचं मोल कळतं. वर्गातल्या मुलाला उठून जाता येत नाही. रात्री आलेली आजी उठून जाऊ शकते.

हा फरक साधा वाटतो, पण सगळं त्यात आहे. छात्राध्यापिकेचं बोलणं कंटाळवाणं झालं, की आजी नातवाचा हात धरून पुढच्या टेबलाकडे जाते. ती शेरा लिहीत नाही, रागावत नाही, नुसती निघून जाते. बाहेरचं लक्ष मागायचा अधिकारच त्या मुलीकडे नाही. तिच्याकडे फक्त प्रश्न आहे, वस्तू आहे आणि समोरच्या माणसाविषयीचं कुतूहल आहे.

शिवाय दुसरी एक सोय. वर्गात एक पाठ एकदाच घेता येतो. इथे तोच प्रयोग एका रात्रीत वीस वेळा करावा लागतो, वीस वेगळ्या कुटुंबांसमोर. पहिल्या वेळी ती पाठ केलेलं बोलते. तिसऱ्या वेळी तिला कळतं, की आपला प्रश्न कुणालाच समजत नाहीये. सातव्या वेळी ती प्रश्न बदलते. दहाव्या वेळी ती आधी गप्प राहते आणि समोरच्याला वस्तू हातात घेऊ देते. ही सुधारणा कोणत्याही निरीक्षकाच्या वहीने होत नाही. कुंभाराचा हात मडक्यांवर बसतो, व्याख्यानावर नाही.

इथवर स्तुती झाली. आता टीका.

पहिली गोष्ट, रात्र. अमेरिकेत ही गोष्ट संध्याकाळी का ठेवली? कारण तिथे आईबाप दिवसा नोकरीवर असतात, संध्याकाळी मोकळे होतात. म्हणजे ‘रात्र’ हे तिथल्या कामाच्या वेळापत्रकाचं उत्तर आहे. आपण उत्तर उचललं आणि प्रश्न मागेच ठेवला, तर काय होईल?

आपल्या दोन जिल्ह्यांत माणूस कधी मोकळा असतो, ते बघा. पावसाळ्यात धानाची रोवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल. मोह पहाटे गळतो, म्हणून घरातली बाई, मुलं, म्हातारी, सगळी अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली जातात. त्यांना आदल्या रात्री नऊ वाजेपर्यंत शाळेत बसवणं हा विनोद आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता. अख्खं घर पुडके बांधत असतं.

आणि वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात आणि वैनगंगेच्या पलीकडे आरमोरी, देसाईगंजकडेही अंधारात एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर जाणं ही काय गोष्ट आहे, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना आम्ही सांगून समजणार नाही. इथे ‘कार्यक्रम किती वाजता सुरू होणार’ यापेक्षा ‘घरी कसं जाणार’ हा प्रश्न मोठा. ज्या योजनेत परतीची वाट लिहिलेली नाही, ती योजना या भूमीवर लिहिलेली नाही, एवढं खुशाल समजावं.

पण गंमत बघा. रात्री कुटुंबंच्या कुटुंबं एका मैदानावर जमवणं आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही! झाडीपट्टीची रंगभूमी दुसरं काय करते? दिवाळीनंतर धान घरात आलं, की होळीपर्यंत गावोगाव नाटकं. देसाईगंज-वडसा हे त्याचं केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकाच जागी बसतात. आणि रात्रभर का चालतं? एक साधं कारण असं, की उजाडलं की सगळे सुखरूप घरी जाऊ शकतात. म्हणजे परतीची वाट त्या नाट्यप्रकारातच विणलेली आहे. जे शहाणपण नाटकवाल्यांनी दाखवलं, ते शिक्षण खात्याने दाखवायला काय हरकत आहे? माघ-फाल्गुनातली एखादी रात्र, नाटकाच्या आदल्या दिवशी, गावात पाहुणे आलेले असताना, शाळेच्याच पटांगणात, त्याच गावातल्या लोकांसाठी. बाहेरगावच्या कुणाला येण्याची सक्ती नाही.

झाडीपट्टीकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नाटकाच्या मैदानावर कुणी ‘पालक’ नसतो. शाळेत बोलावलं की माणूस पालक होतो, आणि पालक म्हणजे ज्याला काहीतरी ऐकवायचं असतं: मूल नियमित पाठवा, नखं कापा, मोबाईल देऊ नका. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, त्यात निम्म्या स्त्रिया. कायदा उत्तम आहे. पण अनेक ठिकाणी ती बाई सही करायला येते आणि सही करून जाते. नाटकात तीच बाई परीक्षक असते. नटाचं काम फसलं तर ती पदराआड हसते आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगते. विज्ञान रात्रीला आपल्याला नाटकातली बाई हवी आहे, सहीतली नव्हे.

दुसरी टीका, टेबलावर काय ठेवता यावर.

आम्ही गेल्या अनेक वर्षांत जी विज्ञान प्रदर्शनं आणि मेळावे पाहिले, त्यांत एक वस्तू हमखास असते: ज्वालामुखी. मातीचा किंवा थर्मोकोलचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल रंग. फसफस वर येते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. यातून मूल काय शिकलं? ज्वालामुखी आम्ल आणि सोड्याने फुटतो, हे. जे साफ चूक आहे. बरं, सोडा आणि आम्लाचं शिकवायचं तर शिकवा की. त्याला डोंगर कशाला?

आणि हे कुठे? ज्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत तिथे. बल्लारपूर, दुर्गापूर, घुग्गुस. त्या कोळशाच्या थरांना शास्त्रज्ञ गोंडवाना काळाचे थर म्हणतात. ज्या प्राचीन महाखंडाचं नाव जगभरची मुलं भूगोलात पाठ करतात, त्या गोंडवाना भूमीला ते नाव गोंडांच्या या मुलखावरून मिळालं. कोळशाबरोबरच्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे सापडतात. तिकडे सिरोंच्याच्या बाजूला वडधमला जीवाश्म आहेत. त्याच तालुक्यातल्या कोटा गावावरून एका खडकथराला ‘कोटा’ हे नाव पडलं आहे, आणि त्या थरातले डायनोसॉर जगाच्या पुस्तकांत गेले आहेत. ज्याच्या घरात खाणीत जाणारा बाप आहे, त्या मुलासमोर आपण थर्मोकोलचा डोंगर ठेवतो. टेबलावर कोळशाचा एक तुकडा ठेवा आणि त्या बापाला विचारा, ‘भाऊ, थरात हा वर असतो की खाली? त्याच्या वर कोणता दगड लागतो?’ मुलाला त्या क्षणी आपल्या बापाचं एक नवं रूप दिसेल. छात्राध्यापकाला दिसेल, की माहिती फक्त आपल्याकडून तिकडे वाहत नाही.

इथे एक ऐतिहासिक आठवण ठेवू. १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जत्था निघाला. देशाच्या पाच दिशांनी निघालेले जत्थे नोव्हेंबरमध्ये भोपाळला पोहोचले. गाणी, पथनाट्यं, प्रयोग, चमत्कारांमागचं विज्ञान. मोठं काम होतं, आमच्या पिढीला त्याने उमेद दिली. पण जत्था येतो आणि जातो. जाणाऱ्याला थक्क करून चालतं. राहणाऱ्याला चालत नाही. शिक्षक राहणारा आहे. उद्या सकाळी साडेदहाला तो त्याच मुलांसमोर उभा असतो. म्हणून ‘वाह!’ हा उद्गार जत्थ्याचं यश असू शकतो, शिक्षकाचं नाही. शिक्षकाचं यश ‘मग असं का?’ या प्रश्नात आहे.

एक उदाहरण जरा सावकाश घेतो. रात्र आहेच, तर आकाश घेऊ.

समजा फेब्रुवारीची रात्र आहे, नऊ वाजले आहेत. पटांगणातला दिवा मालवला आहे. छात्राध्यापिका ईशान्येकडे बोट दाखवते आणि म्हणते, ‘हे सप्तर्षी. सात ऋषी.’ एक आजी म्हणते, ‘हे तर बाज आहे बाई. अन् मागून तीन चोर येतात.’

आता या क्षणी ती मुलगी काय करते, यावर ती कशी शिक्षिका होईल ते ठरतं, असं आमचं म्हणणं आहे.

एक वाट अशी: ‘हो आजी, पण पुस्तकात त्याला सप्तर्षी म्हणतात.’ संपलं. आजी गप्प. नातवाला कळलं, की आजीचं आकाश चुकीचं आणि पुस्तकाचं बरोबर. वास्तविक दोन्ही नुसती नावं आहेत. सात ऋषी तिथे नाहीत आणि बाजही तिथे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी मध्य भारतातल्या गोंड गावांत जाऊन ही आकाशाची माहिती गोळा केली आणि २०१३ मध्ये शोधनिबंध म्हणून छापली: चार ताऱ्यांची बाज, तिच्यामागचे तीन चोर, मृगाच्या ठिकाणी नांगर. म्हणजे शास्त्रज्ञ ते ऐकायला गावात आले. मग शिक्षिकेला ऐकायला काय अडचण आहे?

दुसरी वाट आजकाल लोकप्रिय आहे, आणि ती आम्हाला पहिलीइतकीच वाईट वाटते. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं!’ टाळ्या. हे खुशामत करणं झालं. आजीच्या गोष्टीत निरीक्षण आहे, सिद्धान्त नाही. तिला सिद्धान्त चिकटवणं हा तिचा मान नव्हे. तो तिला न ऐकण्याचाच दुसरा प्रकार.

तिसरी वाट. ती मुलगी विचारते, ‘आजी, चोर मागूनच का येतात? कधी पुढे नाही का होत?’ आता आजी विचार करते. नातू विचार करतो. उत्तरेकडे बघितलं तर दिसतं, की आधी बाजेचे चार खूर वर आलेत आणि शेवटचा चोर अजून झाडांच्या शेंड्याशी आहे. दोन तासांनी पाहिलं तर? पहाटे मोहाला जाताना पाहिलं तर? बाज उलटी होते का? आणि या सगळ्या फिरण्यात न हलणारा एक तारा कुठे आहे? तो सापडला की हात लांब करा, मूठ वळा, क्षितिजापासून मोजा. आपल्या भागात ध्रुवतारा साधारण दोन मुठी वर दिसतो. हाताच्या अंतरावरची एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही विषुववृत्तापासून सुमारे वीस अंशांवर. आता नातवाची मूठ लहान आणि आजीची मोठी, तरी दोघांच्याही दोनच मुठी कशा भरतात? कारण ज्याची मूठ लहान, त्याचा हातही आखूड. हे त्या मुलीने सांगायचं नाही. त्यांनी एकमेकांच्या मुठी लावून पाहायच्या, भांडायचं, आणि शोधायचं.

यात विज्ञान कुठे सुरू झालं? नावात नव्हे. पुढच्या प्रश्नात सुरू झालं. आणि तो प्रश्न विचारता येण्यासाठी त्या मुलीला आधी आजीचं ऐकावं लागलं. ही तालीम पाठ टाचणात कुठल्या रकान्यात बसते? ‘पूर्वज्ञान’ नावाचा रकाना असतो खरा, पण त्यात आपण मुलांना काय येतं हे लिहीत नाही. मागच्या इयत्तेत काय शिकवलं ते लिहितो.

भाषेचा मुद्दा इथे येतोच. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात ती आजी वरचं वाक्य माडियात किंवा गोंडीत म्हणेल. छात्राध्यापिकेला ती भाषा येत नसेल तर? तर तिने नातवाला दुभाषा करावं. दिवसभर वर्गात मराठीत चाचपडणारं मूल त्या रात्री एकदम सर्वांत महत्त्वाचा माणूस होतं. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःहून सुरू केली. लोकांना ही गोष्ट किती जिव्हाळ्याची वाटते, ते त्यावरून ओळखावं.

आता सर्वांत जड भाग. कारण कुणी म्हणेल, हे आकाश, हे तारे छान आहे हो; पण लोकांचं त्याने काय अडतं? मग जिथे अडतं, त्याबद्दल बोलू.

सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा शब्द घराघरांत गेलेला आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. तपासण्या होतात, कार्डं मिळतात. कार्डावर अक्षरं असतात: ए-ए, ए-एस, एस-एस. पण ती अक्षरं घरात पोहोचल्यावर काय होतं? एस-एसचं मूल जन्मलं की बोट आईकडे जातं. ‘हिच्या माहेरचं रक्तच खराब.’ कुठे सून परत पाठवली जाते, कुठे कार्ड लपवून लग्न ठरतं. ही अज्ञानाची किंमत आहे आणि ती बहुतेक वेळा बाई मोजते.

याचं टेबल मांडायला काय लागतं? दोन फोडलेले चिंचोके. एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. दोघेही ए-एस, म्हणजे वाहक. पांढरी बाजू म्हणजे ए, काळी म्हणजे एस. दोन्ही एकदम टाका. दोन्ही पांढरे, एक पांढरा एक काळा, किंवा दोन्ही काळे. पन्नास वेळा टाका आणि मातीत रेघा ओढा. दोन्ही काळे साधारण चारात एकदा पडतात. दोन गोष्टी कुणी न सांगता डोळ्यांना दिसतात. एक, दोन्ही काळे पडायला दोन्ही चिंचोके लागतात. एकट्या आईच्या चिंचोक्याने ते होत नाही. आणि दोन, ‘चारात एक’ म्हणजे काय. पुष्कळ सुशिक्षित माणसंही असं समजतात, की एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुखरूप. चिंचोका टाकून बघा. आत्ताच दोन्ही काळे पडले, म्हणून पुढच्या वेळी ते पडणार नाहीत असं काही नाही. चिंचोक्याला आठवण नसते. प्रत्येक वेळी धोका तेवढाच, चारात एक.

एखादा चौकस बाप म्हणेल, ‘पण हा चिंचोका पांढऱ्यावर जास्त पडतो.’ बरोबर म्हणतो तो! अर्धा चिंचोका नाण्यासारखा समतोल नसतो. मग शंभर वेळा टाकून मोजा, की किती. त्या रात्रीचा सर्वांत चांगला वैज्ञानिक तो बाप आहे.

आणि ‘रक्त खराब’ या शब्दाचं काय? १९५४ मध्ये ॲलिसन या संशोधकाने पूर्व आफ्रिकेत दाखवलं, की ज्याच्यात एस एकच आहे, त्याला घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हे जनुक टिकून का राहिलं, त्याचा अर्थ त्यातून लागतो. गडचिरोलीला मलेरिया काय ते शिकवायला नको. तेव्हा हा कुणाच्या कुळाचा कलंक नाही, जंगलाशी झालेल्या जुन्या झगड्याची ती खूण आहे. वाहक माणूस बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो. दोन वाहकांनी लग्नाआधी एवढंच जाणून घ्यावं, की धोका कुठे आहे.

इथे एक सावधगिरी, आणि ती आम्ही नियम म्हणूनच सांगतो. त्या टेबलाशी कुणाचंही कार्ड विचारायचं नाही. ‘तुमच्या घरात कुणाला आहे का?’ हा प्रश्न निषिद्ध. चिंचोके कुणाचेच नसतात, म्हणून तर त्यांच्याबद्दल मोकळं बोलता येतं. ज्याला पुढे विचारायचं असेल तो एकटा, सावकाश विचारेल. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. छात्राध्यापक डॉक्टर नाही, आणि त्याने तसं दिसूही नये.

आणि बघा, या टेबलाने त्या भावी शिक्षकालाच काय दिलं. उद्या त्याच्या वर्गात एक मूल असेल, जे वारंवार गैरहजर राहतं, कवायतीत धावत नाही, थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडतं. सिकलसेलच्या मुलाला थंडी, अतिश्रम, पाणी कमी पडणं यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. ज्या शिक्षकाला हे ठाऊक नाही, तो त्या मुलाला कामचुकार म्हणतो आणि मैदानाला दोन चकरा जास्त मारायला लावतो. ज्याने त्या रात्री वीस कुटुंबांबरोबर चिंचोके टाकले, तो ही चूक सहसा करणार नाही. आम्ही म्हणालो ना, शिकणारा टेबलामागे उभा असतो.

आता आक्षेप. पहिला: शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे कशाला? आक्षेप खरा आहे. विज्ञान रात्र म्हणजे बॅनर, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार आणि फोटो वर चढवणं, असं होणार असेल तर ती न झालेली बरी. आमची सूचना कठोर आहे: मंच नको, माईक नको, पाहुणे नकोत. सहा टेबलं, बारा छात्राध्यापक, आणि टेबलावर गावातच सापडेल एवढंच सामान.

दुसरा आक्षेप: एका रात्रीने काय होणार? काहीच नाही, हे आम्हीही मानतो. इथे आपल्या घरचं एक उदाहरण आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकलेली आहेत. त्या गावाने ग्रामसभेच्या बरोबरीने अभ्यासगट चालवला. निर्णय ग्रामसभेत, पण त्याआधी अभ्यास. बाहेरचा जाणकार आला तरी तो भाषण करून जात नसे. प्रश्नोत्तरांत बसत असे. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही तिथे अभ्यासाचा विषय झाला. तीच माणसं पुन्हा पुन्हा बसत, म्हणून मागचा प्रश्न पुढे सरकत असे. आमच्या मते कुटुंब विज्ञान रात्रीने अमेरिकेकडून टेबल घ्यावं आणि मेंढ्याकडून पुन्हा येणं घ्यावं. एका छात्राध्यापकाने वर्षात तीनदा त्याच गावात जावं. पहिल्या रात्रीचा न सुटलेला प्रश्न दुसऱ्या रात्रीचं टेबल व्हावं.

मग यशाचं माप काय? किती लोक आले हे नव्हे. एक वही ठेवावी, दोनशे पानी, साधी. तीत फक्त ते प्रश्न लिहायचे, ज्यांचं उत्तर त्या रात्री देता आलं नाही. ज्याने विचारला त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. सकाळी शाळा भरली की ती वही वर्गात उघडायची. वही कोरी राहिली तर दोनच शक्यता: एकतर गावात सर्वज्ञ माणसं राहतात, किंवा टेबलामागच्याने कुणाला बोलूच दिलं नाही. पहिली शक्यता आम्ही आमच्या आयुष्यात कुठल्या गावात पाहिलेली नाही, विद्यापीठात तर नाहीच नाही.

निरीक्षक प्राध्यापकांनाही एक विनंती. त्या रात्री तुमचा शेरा टेबलावरच्या मांडणीवर लिहू नका. एका कोपऱ्यात उभे राहा आणि एवढंच मोजा: छात्राध्यापक किती वेळ बोलला आणि किती वेळ समोरचा. आणि आजी उठून गेली का, गेली तर कोणत्या वाक्याला गेली. ते वाक्य दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर बसून तपासा. शिक्षक-प्रशिक्षणाचं आख्खं शास्त्र त्या एका वाक्यात सापडू शकेल.

वेळ झाली. प्रश्न पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेऊ. आणि उत्तर देता आलं नाही तर आम्हीही वही ठेवलेली आहे.